वाटाड्या

डोंगरात हिंडण्याची ज्याला आवड असते, त्याला नियमांची फारशी आवड नसते. शहरात आपण उठल्यापासून निजेपर्यंत नियमांतच वावरत असतो. रस्ता कोठे ओलांडावा, रांगेत कोठे उभे राहावे, कोणत्या दाराने आत जावे, हे सारे कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेले असते. डोंगराची पहिली चढण लागली, की हे सर्व मागे पडल्यासारखे वाटते. पायांना वाटेल तेथे थांबावे, डोळ्यांना वाटेल तिकडे पाहावे, आणि कोणाशी एक अक्षरही न बोलता सबंध दिवस घालवावा, हे सुख दुसरीकडे क्वचितच मिळते. म्हणूनच, नेपाळात डोंगरयात्रा करणाऱ्या परदेशी माणसाने परवानाधारक वाटाड्या घेतल्यावाचून जाऊ नये, असे नेपाळच्या पर्यटन मंडळाने १ एप्रिल २०२३ पासून ठरविले, तेव्हा जगभरच्या अनेक डोंगरवेड्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांत मीही होतो.

तसे पाहिले, तर वाटाड्या ही आपल्याला परकी गोष्ट नव्हे. सह्याद्रीतील एखाद्या आडवाटेच्या किल्ल्यावर जावयाचे असले, म्हणजे पायथ्याच्या गावात आधी चौकशी करावी, एखादा जाणता माणूस बरोबर घ्यावा, हा आपला जुना रिवाज. तो माणूस कमरेला कोयता अडकवून पुढे चालतो. कारवीच्या रानात जेथे आपल्याला वाटच दिसत नाही, तेथे त्याला ती स्पष्ट दिसते. कोणते टाके बारमाही आहे, कोणत्या कड्यावर मधमाश्यांची पोळी आहेत, हे त्याला ठाऊक असते. त्याच्यापाशी ना परवाना असतो, ना बिल्ला. त्याची ओळख गावाला असते, आणि गावावर आपला विश्वास असतो. मग नेपाळला कायद्याची गरज का भासावी?

या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे, तर थोडे मागे जावे लागते. १९५० साली फ्रेंच गिर्यारोहकांची एक तुकडी अन्नपूर्णा शिखर चढावयास आली. ८,००० मीटरांहून उंच असे एकही शिखर तोवर कोणी सर केलेले नव्हते. परंतु त्यांच्याजवळचे नकाशे इतके सदोष होते, की शिखर चढणे दूरच राहिले, ते कोठे आहे हे शोधण्यातच त्यांचे कित्येक आठवडे गेले. एवढा ८,०९१ मीटर उंचीचा पर्वत, आणि तो सापडत नव्हता! त्यांच्याबरोबर अंग थार्के नावाचे अनुभवी शेर्पा प्रमुख होते. अखेर ३ जून १९५० रोजी दोघे फ्रेंच गिर्यारोहक शिखरावर पोहोचले. पण उतरताना त्यांच्या हातापायांची बोटे हिमदंशाने गेली, आणि त्यांना पाठीवर व डोल्यांत घालून खाली आणण्याचे काम शेर्पांनी आणि हमालांनी केले.

त्या काळी या मुलखात परका माणूस विरळाच. पुढे १९६४ साली काठमांडूत पदयात्रा घडवून आणणारी पहिली संस्था निघाली, आणि हळूहळू शिखरे न चढताही केवळ डोंगरवाटांनी हिंडण्यासाठी देशोदेशींची माणसे येऊ लागली. प्रथम दहावीस, मग शेकडो, मग हजारो. पायथ्याचे गाव दहा पाहुण्यांना चेहऱ्याने ओळखू शकते, हजारोंना नाही. जेथे ओळख पुरी पडत नाही, तेथे नोंद ठेवावी लागते. परवान्याचा जन्म बहुधा असाच होतो.

२०२३ सालच्या ऑक्टोबर महिन्यात मी आणि माझा कॉलेजात शिकणारा पुतण्या अन्नपूर्णेच्या मागील बाजूने मुक्तिनाथाकडे निघालो. मुक्तिनाथाचे नाव आपल्याकडे अनेक घरांतून ऐकू येते. देवघरातला शाळिग्राम मुक्तिनाथाच्या खालून वाहणाऱ्या काली गंडकीच्या पात्रातला, हे माझ्या आजीने मला लहानपणी सांगितले होते. ती नदी एकदा पाहावी, पण मोटारीने न जाता डोंगर ओलांडून पाहावी, असे माझ्या मनात फार दिवस होते. वाटेत थोरांग ला ओलांडावी लागते. ‘ला’ म्हणजे खिंड. ही खिंड ५,४१६ मीटर उंच आहे. आपले कळसूबाई १,६४६ मीटरांचे. म्हणजे एकावर एक तीन कळसूबाई ठेवल्या, तरी खिंड वरच उरते. तेथील हवेत प्राणवायू समुद्रकाठच्या मानाने जवळजवळ निम्माच मिळतो.

निघण्यापूर्वी कागदांचे सोपस्कार झाले. एक कार्ड पदयात्रीच्या नोंदीचे, दुसरा परवाना अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्रात प्रवेश करण्याचा. भारतीयांना प्रत्येकी एक हजार नेपाळी रुपये, म्हणजे आपले सुमारे सव्वासहाशे रुपये पडले. आणि या दोन कागदांबरोबर आमचा वाटाड्या आला. तो लमजुंगकडचा गुरुंग. वय पस्तीसच्या आसपास, बांधा ठेंगणा, बोलणे मोजके. आम्ही त्याला ‘दाइ’ म्हणू लागलो. नेपाळीत दाइ म्हणजे थोरला भाऊ. वयाने मी त्याच्याहून पुष्कळ मोठा. पण डोंगरात थोरला कोण, याचा हिशेब जन्मसालावरून करीत नाहीत.

पहिले काही दिवस दाइचे काम मला फारसे दिसलेच नाही. वाट चांगली मळलेली होती. गावोगावी मुक्कामाची घरे होती. दाइ मागून चालत येई, आणि पुतण्या भराभर पुढे जाऊ लागला, की एकच शब्द उच्चारी, ‘बिस्तारै!’ म्हणजे सावकाश. ठिकठिकाणी चौक्या लागत. तेथे एका मोठ्या वहीत आमची नावे, देश आणि तारीख लिहून घेत. एका चौकीवर मी सहज वहीची मागची पाने पाहिली. कोठकोठली नावे! कोरिया, फ्रान्स, इस्रायल, बांगलादेश. यांतला प्रत्येक जण कोणाचा तरी मुलगा, कोणाची तरी बहीण, आणि त्या साऱ्यांची नावे या ओसाड दगडी खोलीत एक माणूस थंडीने गारठलेल्या बोटांनी लिहीत होता.

मनांग हे गाव ३,५४० मीटरांवर आहे. येथे सर्वांनी एक दिवस अधिक राहावे, असा प्रघात आहे. म्हणजे शरीराला विरळ हवेची सवय होते. हिमालयन रेस्क्यू असोसिएशन नावाची संस्था १९७३ साली स्थापन झाली. तिचे येथे एक मदतकेंद्र आहे. हंगामात तेथील डॉक्टर प्रवाशांना उंचीच्या विकाराची माहिती देतात. तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर रात्रीच्या मुक्कामाची उंची एका दिवसात सुमारे पाचशे मीटरांहून अधिक वाढवू नये. डोके दुखू लागले तर वर चढू नये. आणि दुखणे वाढले तर ताबडतोब खाली उतरावे. यावर खरे औषध एकच, ते म्हणजे उतार.

मनांगहून आम्ही याक खर्कला पोहोचलो. तेथे संध्याकाळी पुतण्याने जेवणाचे ताट बाजूला सारले. ‘डोके जरा जड झाले आहे, एवढेच,’ तो म्हणाला. दाइने त्याच्याकडे पाहिले आणि त्याला अंगणात नेले. जमिनीवर काठीने एक सरळ रेघ ओढली आणि सांगितले, ‘एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून या रेघेवरून चाल.’ पुतण्या हसला, आणि चालू लागला. तिसऱ्या पावलाला तो डावीकडे झुकला, पाचव्याला रेघ सोडून गेला. त्याचे हसू मावळले.

‘आता खाली जायचे,’ दाइ म्हणाला.

‘काका, मला काही झालेले नाही. रात्री झोपलो की बरे वाटेल. दोन दिवसांत खिंड आहे!’ पुतण्या माझ्याकडे वळून म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होते. घरून निघाल्यापासून त्याने त्या खिंडीखेरीज दुसरे काही मनात आणले नव्हते. मी काही बोलणार, तोच दाइने त्याची पिशवी आपल्या पिशवीवर चढविली, कंदील कपाळाला बांधला आणि शांतपणे म्हटले, ‘आपण जाऊ.’ त्याच्या आवाजात राग नव्हता, विनंतीही नव्हती. त्या क्षणी मला उमगले, की वाटाड्याचे मोठे काम वाट दाखविणे हे नव्हे, वाट थांबविणे हे आहे. जो आपला नातलग नाही, ज्याला आपला हट्ट पुरवावयाचा नाही, आणि ज्याने हा विकार पूर्वी डोळ्यांनी पाहिला आहे, असाच माणूस ते काम करू शकतो.

रात्री उशिरा आम्ही मनांगला उतरलो. डॉक्टरांनी तपासले, आणि वेळेवर आणलेत, एवढेच म्हटले. तिसऱ्या दिवशी पुतण्या पूर्ववत जेवू लागला. चार दिवस अधिक लागले, पण खिंड त्याने आपल्या पायांनी ओलांडली.

खिंडीच्या माथ्यावर पताका फडफडत होत्या. आम्ही शिखरांकडे पाहत होतो; दाइ मात्र आभाळाकडे पाहत होता. या खिंडीचा इतिहास त्याला विसरता येण्याजोगा नव्हता. ऑक्टोबर २०१४ मध्ये बंगालच्या उपसागरातून आलेले हुदहुद नावाचे चक्रीवादळ १२ तारखेस विशाखापट्टणमला धडकले. त्याचे उरलेसुरले ढग उत्तरेकडे सरकत हिमालयाला भिडले, आणि १४ तारखेला ऐन हंगामात, निरभ्र आकाशाच्या दिवसांत, या भागात भयंकर हिमवर्षाव झाला. समुद्रावर जे पाऊस होते, ते येथे बर्फ झाले. खिंडीत वाट दिसेनाशी झाली. त्या आपत्तीत चाळीसहून अधिक माणसे मरण पावली. त्यांत परदेशी पदयात्री होते, तसेच नेपाळी वाटाडे आणि हमालही होते. डोंगरावर कोण कोठे आहे, कोण उतरले आणि कोण राहिले, हे शोधताना नोंदीच्या वहीतील एकेका ओळीला किती मोल आले असेल, याची कल्पना करावी.

ही घटना वाटाड्याच्या नियमाची बाजू मांडते, तशीच त्या नियमाची मर्यादाही दाखविते. वाटाडा बरोबर असला म्हणजे वादळ येत नाही, असे नाही. शिवाय या नियमावर घेतलेले आक्षेपही पोकळ नाहीत. वीस वर्षे हिमालयात हिंडलेल्या माणसाला आणि प्रथमच आलेल्या नवख्याला एकाच मापाने का मोजावे? गरीब विद्यार्थ्याने वाटाड्याचा खर्च कोठून करावा? एकांतासाठी आलेल्याने एकांत कोठे शोधावा? खुद्द नेपाळातही याबाबत एकमत नव्हते. एव्हरेस्टच्या पायथ्याच्या खुंबू भागातील गावपालिकेने, आम्हांला आमची वेगळी परवानापद्धती पुरेशी आहे, असे म्हणून २०२३ साली हा नियम लागू करण्यास नकार दिला. नियम करणे सोपे असते. तो सर्वांना न्याय्य वाटेल असा करणे अवघड असते.

तथापि, परवान्याच्या पैशाचे काय होते, ते मी वाटेवर पाहिले. अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचे काम १९८६ साली घांद्रुक या गावी सुरू झाले. ७,६२९ चौरस किलोमीटरांच्या या प्रदेशातून गावे उठविलेली नाहीत. एक लाखाहून अधिक माणसे तेथे राहतात, आणि प्रवेशशुल्काचा पैसा तेथील जंगल, वाटा आणि गावांची कामे यांसाठी वापरता येतो. प्रवाशांच्या चुलींसाठी जंगल तुटू नये म्हणून तेथे लाकडाऐवजी रॉकेलचा प्रसार केला गेला. प्लॅस्टिकच्या बाटल्यांचे ढीग साठू नयेत म्हणून गावांत शुद्ध केलेले पाणी विकण्याची केंद्रे निघाली. मी माझी बाटली अशाच एका केंद्रावर भरली, तेव्हा तो परवाना मला खिशातल्या कागदाहून काहीसा निराळा वाटला.

मात्र या व्यवहाराला दुसरी बाजू आहे. वाटाड्याने आपली काळजी घ्यावी, असे कायदा सांगतो. पण वाटाड्याची काळजी कोणी घ्यावयाची? १८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टवरील खुंबू हिमप्रपातात बर्फाचा कडा कोसळून १६ नेपाळी कामगार मृत्यू पावले. ते दुसऱ्यांसाठी वाट तयार करीत आणि ओझी वाहत होते. वाटाड्याला योग्य शिक्षण, पुरेसा मोबदला, उबदार कपडे आणि विमा मिळाला, तरच त्या परवान्याला अर्थ. नाहीतर एकाचा जीव वाचविण्यासाठी दुसऱ्याचा जीव भाड्याने घेतल्यासारखे होईल.

डोंगर कोणाचा, असा प्रश्न मुले कधी कधी विचारतात. तो सर्वांचा आहे, हे खरे. पण ज्यांच्या गुरांना तेथे चारा आहे, ज्यांच्या झऱ्यांना तेथून पाणी आहे, आणि वाट चुकलेल्याला शोधावयास जे मध्यरात्री कंदील घेऊन बाहेर पडतात, त्यांचा तो आधी आहे. त्यांच्या दारावरून जाताना आपले नाव सांगावे, त्यांच्यातल्या जाणत्याचे ऐकावे, यात आपले स्वातंत्र्य कमी होत नाही. चौकीवरच्या वहीत आपले नाव लिहिले जाते, याचा अर्थ इतकाच, की आपण सुखरूप परत यावे म्हणून त्या अनोळखी मुलखातही कोणीतरी वाट पाहत आहे.