बरसीम आणि बनावट नोट

बनावट नोट मी नुसत्या बोटांनी ओळखतो, अशी आमच्या शाखेत माझी ख्याती आहे. (ती मीच पसरवली, ही गोष्ट वेगळी.) वडिलांच्या मागे पैठणजवळचं शेत दादाकडे आलं, पगार माझ्याकडे. तेव्हा म्हशींसाठी बरसिमाचं बी आणणं माझ्याकडे. बरसीम म्हणजे इजिप्तहून आलेला, हिवाळ्यातला हिरवा चारा.

गेल्या वर्षी जुन्या मोंढ्यातून बी ऐटीत नेलं, न बघता. निम्म्या वाफ्यात कासनी उगवली. कासनी म्हणजे कॉफीत मिसळतात ती चिकोरी! दादा रागावला नाही. "म्हशी कॉफी पीत नाहीत रे," एवढंच म्हणाला. तेच लागलं.

यंदा भिंग घेऊन बसलो. बरसीम अंडाकृती, पिवळसर, तुकतुकीत; कासनी लांबुळकी, कोनेदार, डोक्यावर बारीक मुकुट. शंभर दाण्यांनंतर मला सगळ्यांच्याच डोक्यावर मुकुट दिसू लागले.

"उठा आता," सौ. म्हणाली. तिच्या माहेरी चार म्हशी होत्या, हे मला लग्नानंतर वीस वर्षांनी आठवलं. लिटरभर पाण्यात शंभर ग्रॅम मीठ विरघळवून तिने बी ओतलं. बरसीम तळाशी बसलं, हलकी कासनी तरंगली. वरचं फेकलं, खालचं साध्या पाण्याने धुऊन सावलीत पसरलं. बी.कॉम.ला हे नव्हतं.

परवा दादाचा फोन आला. "वाफा एकसारखा आलाय. बी कुणी निवडलं?"

"आम्ही," मी म्हणालो.

स्वयंपाकघरात भांडं जरा जोरातच आदळलं.