कावळा आणि फांदी

कावळा फांदीवर बसावा आणि त्याच क्षणी ती मोडावी, असे कधीकधी घडते. पाहणाऱ्याला वाटते, कावळ्यानेच फांदी मोडली. ती आतून किडलेली होती, हे कोणी पाहत नाही. अशा योगायोगाला संस्कृतात ‘काकतालीय न्याय’ म्हणतात.

आकड्यांच्या जगातही असे कावळे पुष्कळ आहेत. 1961 साली ठाणे शहराची लोकसंख्या सुमारे 1 लाख होती. 2011 साली ती 18 लाखांवर गेली. याच अवधीत शंभर मीटर धावण्याचा जागतिक विक्रम 10 सेकंदांवरून 9.58 सेकंदांवर आला. मग ठाण्यात माणसे वाढली, म्हणून जमैकाचा उसेन बोल्ट अधिक वेगाने धावला काय? दोन्ही आकडे काळाबरोबर बदलत गेले, एवढेच त्यांचे नाते.

ठाणे वाढण्याची खरी कारणे ठाण्यातच सापडतात. वागळे इस्टेटमध्ये कारखाने उभे राहिले. कामाच्या शोधात माणसे आली. 1982 साली महानगरपालिका झाली, तेव्हा आसपासची गावेही शहरात आली.

आकड्यांतील अशी चूक हसण्यावारी नेता येते. माणसांच्या बाबतीत मात्र ती अन्याय ठरते. अशाच एखाद्या कारखान्यात नवा कामगार रुजू व्हावा आणि त्याच दिवशी यंत्राचा पट्टा तुटावा, की लगेच कोणी त्याला ‘पांढऱ्या पायाचा’ म्हणतो. पट्टा किती झिजला होता, हे जो आधी तपासतो, तो यंत्र तर दुरुस्त करतोच. पण एका निरपराध माणसाची अब्रूही राखतो.