अण्णांची वही

अण्णांना जाऊन या फेब्रुवारीत वर्ष झालं. वर्षश्राद्धाला मला घरी जाता आलं नाही. राजस्थानात युनिटचा सराव चालू होता, आणि सीओनं सराव सोडून जायचं नसतं हे मीच माझ्या ऑफिसरांना सांगत आलोय. त्या रात्री तंबूत बसून अण्णांबद्दल लिहायला घेतलं. पुरं व्हायला चार महिने लागले.

अण्णा ९१ वर्षं जगले. १९४८ साली, पंधराव्या वर्षी, मिरज तालुक्यातल्या आमच्या खेड्यातून ते सांगलीला आले आणि एका अडत दुकानात दिवाणजींच्या हाताखाली पोरगा म्हणून राहिले. आधी झाडलोट आणि पाणी, मग पोती मोजणं, मग वही. पुढं स्वतःचं दुकान झालं. हळद, आणि थोडा गूळ. शेतकऱ्यानं माल आणून टाकायचा, अण्णांनी तो सौद्यात विकून द्यायचा, अडत, हमाली, तोलाई वजा करून पट्टी आणि पैसे त्याच्या हातात ठेवायचे. धंदा एवढाच. त्यांचा रुमाल, धोतराचा सोगा, खिशातल्या नोटा, सगळ्याला पिवळी झाक असायची. एनडीएत मला आलेल्या त्यांच्या प्रत्येक आंतर्देशीय पत्रावर पिवळा अंगठा उठलेला असे. स्क्वाड्रनमधली पोरं विचारायची, तुझ्या घरी रोज लग्न असतं का?

पत्रात राजापुरीचा भाव असायचा, कृष्णेचं पाणी असायचं, गल्लीत कोण गेलं ते असायचं, आणि शेवटी ‘तब्येतीस जपणे’. माझ्या ट्रेनिंगबद्दल एक अक्षर नाही.

मी तीन बहिणींच्या पाठचा, शेंडेफळ, म्हणजे गादीवर बसणारा मीच. एनडीएचा फॉर्म घेऊन दुकानात गेलो तेव्हा काय होईल याची रात्रभर तालीम करून गेलो होतो. अण्णांनी हातातल्या दोन पट्ट्या पुऱ्या केल्या, फॉर्म वाचला, सही केली. मग विचारलं, “किती वर्षांची बोली?” मी म्हटलं, वीस तरी. “बरं. आईला तू सांग.” विषय संपला. २००० साली खडकवासल्याला माझी पासिंग आऊट परेड झाली. ‘अंतिम पग’ टाकून मी बाहेर आलो, तर बाकीचे आईबाप फोटो काढत होते आणि अण्णा हट ऑफ रिमेम्बरन्सकडं निघाले होते. तिथं टोपी हातात घेऊन त्यांनी शहीद झालेल्या माजी कॅडेट्सची नावं वाचली. सगळी. आई बाहेर उन्हात ताटकळली.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

सांगलीजवळ हरिपूर आहे, कृष्णा आणि वारणेच्या संगमावर. तिथल्या मातीत हळद साठवायची पेवं असत. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेला खड्डा. तोंड अरुंद, आत घागरीसारखा पोट सुटलेला. तळाला आणि कडेनं पाला, गवत, चटया लावायच्या, हळद भरायची, तोंड लिंपून टाकायचं. वर्षानुवर्षं कीड लागत नसे. भाव पडला की शेतकरी अण्णांना म्हणायचा, राहू दे पेवात, चढला की काढू. पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही, आत वायू धरलेला असतो. काही तास तोंड मोकळं ठेवायचं, मग दोरीनं कंदील सोडायचा. विझला तर थांबायचं. लहानपणी तो कंदील खाली जाताना बघायला मी अण्णांच्या सायकलवर बसून हरिपूरला जात असे.

२००५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला आणि पेवांत पाणी शिरलं. अण्णांच्या भरवशावर २३ शेतकऱ्यांची हळद तिथं होती. पाणी ओसरल्यावर वर निघाला तो काळा, आंबलेला चिखल.

मी तेव्हा कॅप्टन, कुपवाड्यात. थोरल्या अक्काचा फोन आला की अण्णा विश्रामबागचा प्लॉट विकतायत. तो प्लॉट त्यांनी मी एनडीएत असताना घेतला होता, बाळ निवृत्त होऊन आला की त्याला घर बांधायला म्हणून. तो विकून तेवीस जणांना पुरापूर्वीच्या भावानं पैसे द्यायचे होते. तेवढ्यानंही भागणार नव्हतंच, उरलेले हप्त्यानं.

मी रात्री फोन लावला. सव्वीस वर्षांचा होतो, शिवाय ऑफिसर. म्हटलं, “अण्णा, माल त्यांचा, पेव दुसऱ्याचं, पूर देवाचा. तुम्ही कायद्यानं बांधील नाही.”

“कायदा मला ठाऊक आहे,” ते म्हणाले. “त्यांनी माल माझ्याकडं दिला होता, पेवाकडं नाही.”

मी बरंच काही बोललो. त्यातलं एक वाक्य असं होतं की तुम्हाला गावात मोठेपणा मिरवायचाय आणि त्याची किंमत माझ्या खिशातून जाते. ते वाक्य मला आजही शब्दन्‌शब्द आठवतं. अण्णा म्हणाले, “थंडी पडली असंल तिकडं. जप.” आणि फोन ठेवला. मी दोन महिने पत्र लिहिलं नाही. त्यांची येतच होती. पिवळा अंगठा, राजापुरीचा भाव.

हप्ते २००९ मध्ये फिटले. २०१० साली हळदीचा भाव कधी नव्हे इतका चढला. एक वर्ष आधी चढला असता तर, असं मी रजेवर असताना म्हणालो, तर अण्णा खळखळून हसले.

पुढं मी कंपनी कमांडर असताना पहाडात रस्ता खचला आणि आमची एक गाडी दरीत गेली. दोन जवान गेले. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत कुणाचाच दोष निघाला नाही, आणि तो नव्हताही. पण गाडी पाठवायचा हुकूम माझा होता. नंतर दोन्ही घरी जाऊन आलो. एका आईनं मला चहा दिला, समोर बसली आणि म्हणाली, “साहब, हमने तो आपको सौंपा था.” रागानं नाही, नुसतंच.

त्या रात्री मी सांगलीला फोन केला. सांगायचं होतं की अण्णा, तुमचं बरोबर होतं. विचारलं काय, तर हळदीचा भाव. त्यांनीही तो सांगितला, गट्टा आणि हळकुंडाचा वेगवेगळा. त्यानंतर दहा वर्षं अण्णा होते. ते वाक्य मी कधीच बोललो नाही. फौजेत राहिलेल्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. आपण पत्र लिहितो ते जवानांच्या वडिलांना.

अण्णांचं आणखी एक काम होतं, त्याबद्दल घरात कुणी फारसं बोलत नसे. दुकानाच्या माळ्यावर एक पत्र्याची पेटी असायची. तिच्यात सुतळीची बंडलं, पांढरं कापड, कोयता आणि स्मशानातल्या लाकूडवाल्याचा पत्ता. गल्लीत कुणी गेलं की पहिला प्रश्न, “अण्णांना सांगितलं का?” जात, घर, गरीब-श्रीमंत न बघता तिरडी अण्णाच बांधायचे. लांबच्या मुलासाठी बापाला बर्फावर ठेवलेलं त्यांना अजिबात खपत नसे. त्यांनी अक्काला बजावून ठेवलं होतं, “बाळसाठी थांबायचं नाही. तो असतो ती जागा लांब असते.”

तसंच झालं. मी तवांगच्या पुढं होतो. सेला खिंडीत बर्फ होतं. तेजपूर, गुवाहाटी, पुणे करत सांगलीला पोचलो तेव्हा तिसरा दिवस उजाडला होता. अग्नी अक्कानं दिला होता. तिरडी मार्केट यार्डातल्या हमालांनी बांधली होती, माळ्यावरच्या त्याच पेटीतल्या सुतळीनं. मी सावडायला गेलो. अस्थी हरिपूरला संगमेश्वराच्या घाटावर सोडल्या. परत येताना सवयीनं पेवांच्या बाजूला बघितलं.

तेराव्याला खूप माणसं आली. त्यांत पंच्याहत्तरीचा एक शेतकरी होता, मुलाच्या मोटरसायकलवर मागं बसून आलेला. मला म्हणाला, “तुमीच का ते मिलिट्रीवाले? तुमचा पलाट आमी खाल्ला.” काय उत्तर द्यावं ते सुचेना. मी त्यांना पानावर बसवलं आणि स्वतः वाढलं.

दुकान आता अक्काचा मुलगा बघतो. चौदाव्या दिवशी त्यानं कपाटातून लाल कापडाची एक वही काढून दिली. म्हणाला, “मामा, ही तुमच्या कामाची असंल.” २००५ ची पुराची वही. तेवीस पानं, प्रत्येकावर एक नाव, गाव, किती क्विंटल, कुठल्या भावानं, कधी किती दिले. प्रत्येक पानाखाली सही किंवा अंगठा आणि ‘भरून पावलो’.

चोविसावं पान माझं होतं.

‘चि. बाळ. विश्रामबाग प्लॉट विक्री. रु. ४,२०,०००.’ येणं माझं, देणं अण्णांचं. खाली तारखा. २००७, माझ्या लग्नात दिलेले. २००९, मुलीच्या जन्माला अंगठीऐवजी म्हणून हातात ठेवलेलं पाकीट. २०१२, गाडी घेताना न मागता पाठवलेला ड्राफ्ट. दर दिवाळीला, ‘असू दे, पोरांना कपडे घे’ म्हणून मनीऑर्डरनं आलेले. मी ज्याला बापाचं प्रेम समजून खर्चून टाकत होतो, तो प्रत्येक रुपया तिथं हप्ता म्हणून मांडलेला होता. शेवटची नोंद २०१८ ची, ते दुकानात जायचे थांबले त्या वर्षाची. अक्षर हललेलं. बाकी रु. ३८,४००.

पानाखाली सहीची जागा कोरी आहे.

वही मी माझ्या काळ्या पेटीत ठेवली. तवांगहून राजस्थानात पेटीबरोबर तीही आली. दोनदा पेन काढून बसलो, ‘भरून पावलो’ लिहून सही करायची म्हणून. दोन्ही वेळा नुसती बेरीज तपासली. बरोबर आहे.