मधल्या जागेतला आयबस

निरनिराळ्या भाषा टाइप करून देणाऱ्या आयबस या प्रोग्रॅमचं पडद्यावरचं दर्शन अगदी थोडं. लिनक्सच्या पडद्यावर सहसा वरच्या उजव्या कोपऱ्यात भाषेची एक छोटी खूण असते. सुपर आणि स्पेस या कळा एकत्र दाबल्या की ती बदलते, एवढंच. पण बोटाने कळ दाबल्यापासून अक्षर उमटेपर्यंतच्या मधल्या जागेत हाच बसलेला असतो. कळ आधी त्याच्या हाती जाते. तो ती पाहतो, गरज असेल तर धरून ठेवतो, पुढच्या कळेची वाट बघतो आणि मगच अक्षर पुढे सोडतो. धरून ठेवलेला मजकूर अधोरेखित दिसतो. अजून काही पक्कं झालेलं नाही, मागे फिरता येईल, असं सांगणारी ती रेघ मला त्याच्या स्वभावातली सर्वांत चांगली गोष्ट वाटते.

हा धीर त्याच्या अंगी चिनीमुळे आला. २००८च्या सुमारास बीजिंगमध्ये रेड हॅटच्या एका अभियंत्याने तो घडवला. चिनी लिहिणाऱ्यासमोर चिन्हं हजारो आणि कळा शंभराच्या आसपास. म्हणून उच्चार रोमन अक्षरांत टाइप करायचा, समजा ‘मा’, आणि उघडलेल्या पट्टीतून आई हवी की घोडा हे आकडा दाबून सांगायचं. आपण काय वारंवार निवडतो हे या रोमन लेखनाचं, म्हणजे पिनयिनचं, इंजिन ध्यानात ठेवतं. इंजिन वेगळं, आयबस वेगळा. आयबसला स्वतःला चिनी येत नाही, मराठी येत नाही, कोणतीच भाषा येत नाही. भाषा जाणणाऱ्या इंजिनाला तो बसायला जागा देतो, आणि ते इंजिन कुणाचं, किती कोटी लोकांचं, हे विचारत नाही.

म्हणून तो मला चंद्रपूर-गडचिरोलीत हवा आहे, गोंडीसाठी.

२०११च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणारे सुमारे ३० लाख लोक होते, तरी घटनेच्या आठव्या अनुसूचीत ती नाही. चंद्रपूर ही गोंड राजांची राजधानी. त्यांचा परकोट शहराभोवती अजून उभा आहे. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. लिप्याही आहेत. बालाघाटकडच्या मुंशी मंगलसिंग मसराम यांनी १९१८मध्ये एक तयार केली. दुसरी, त्याहून जुनी, चंद्रपूरला लागून असलेल्या आदिलाबादमधल्या गुंजाला गावच्या हस्तलिखितांतून पुढे आली. युनिकोडमध्ये मसराम लिपीला २०१७ साली जागा मिळाली, गुंजालाला २०१८ साली. देवनागरीला ती १९९१पासूनच आहे. ही सव्वीस-सत्तावीस वर्षं गोंडीच्या वाट्याला वाट पाहण्यात गेली, आणि तेवढ्या काळात संगणक मराठी शिकून मोकळा झाला.

आयबसला कामाला लावणं तसं अवघड नाही. तो स्वतः आणि त्याच्या जोडीला एम-सतरा-एन हे जपानमध्ये तयार झालेलं बहुभाषी इंजिन, ही दोन पॅकेजं बसवायची. काही मांडण्यांत तो आधीच जागा असतो; काहींत प्रत्येक प्रोग्रॅमने कळा कुणाला विचारून घ्यायच्या, हे सांगणाऱ्या तीन ओळी सेटिंगमध्ये घालाव्या लागतात. त्या राहिल्या तर एका खिडकीत तो बोलतो आणि शेजारच्या खिडकीत मुका राहतो. मग लॉगआउट करून परत यायचं. अक्षरांऐवजी रिकामे चौकोन दिसले तर दोष त्याचा नव्हे, फॉन्टचा. नोटो सान्स मसराम गोंडी बसवला की चौकोन जातात. आणि इथून पुढे त्याला इंटरनेट लागत नाही. पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा रस्ता आणि संपर्क तुटतो तेव्हा वेबसाइटवरची लिप्यंतराची खिडकी काय कामाची? आयबस त्या दिवशीही लिहून देतो, कारण त्याचं सगळं त्या यंत्राच्या डिस्कवर असतं.

खरं काम पुढचं आहे, गोंडीचा तक्ता करण्याचं. इंजिनाला लागणारा तक्ता साध्या मजकुराची फाइल असते. घरच्या फोल्डरमध्ये ठेवली तरी चालते. कोणत्या कळांना कोणतं अक्षर, अशा जोड्या कंसांत एकाखाली एक लिहायच्या. प्रोग्रॅमिंग येण्याची गरज नाही. गोंडी यावी लागते, आणि इथेच आयबस प्रश्न विचारू लागतो.

देवनागरीच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर हलन्ताची कळ एक. मसराम लिपीत युनिकोडने दोन खुणा वेगळ्या ठेवल्या आहेत: एक डोळ्यांना दिसणारी, अक्षराचा स्वर तोडणारी, दुसरी न दिसणारी, दोन अक्षरांचं जोडाक्षर करणारी. रफारासाठी वेगळं चिन्ह, ‘प्र’मधल्या रकारासाठी वेगळं. क्ष, ज्ञ, त्र ही तर पूर्ण स्वतंत्र अक्षरं. म्हणजे मराठीचा तक्ता उचलून नुसते संकेतांक बदलले तर काम फसतं. मनात ‘सेवा जोहार’ हे अभिवादन धरून टाइप केलं तर अडचण कळतही नाही, कारण त्यात जोडाक्षरच नाही. जोडाक्षराचा शब्द आला की कोणती कळ सोपी ठेवायची हे ठरवावं लागतं. ते ठरवायला शाळेत शिकवणारी माणसं हवीत, गावातली म्हातारी माणसं हवीत. पुण्या-मुंबईतल्या कुणी आपल्या अंदाजाने तो तक्ता पूर्ण करून पाठवू नये असं माझं ठाम मत आहे, मग त्याचा हेतू कितीही चांगला असो.

सगळ्यांत कठीण प्रश्न मात्र फाइलच्या पहिल्याच ओळीत येतो. तिथे भाषेचा तीन अक्षरी आंतरराष्ट्रीय संकेत लिहायचा असतो. एकूण गोंडीचा आहे ‘जीओएन’. पण त्याच यादीत अहेरीच्या गोंडीला वेगळा संकेत आहे, ‘ईएसजी’. आदिलाबादच्या गोंडीला वेगळा. उत्तरेच्या गोंडीला आणखी वेगळा. भामरागडची माडिया तर त्या एकूण संकेताखालीही धरलेली नाही. कोणतीही ओळ लिहिली तरी आयबस ती मुकाट्याने मान्य करेल. कोरची-कुरखेड्याच्या मुलाला सिरोंचाकडच्या मुलाचा तक्ता चालेल का, हे त्याला माहीत नसतं.

मी असतो तर पहिल्या फाइलवर ‘जीओएन’ लिहिलं असतं आणि अहेरीकरांना सांगितलं असतं, तुमची दुसरी करा, माडियाची तिसरी. एकेका फाइलला जागा लागते ती काही केबींचीच. दोन्ही, तिन्ही एका यादीत शेजारी बसतात, सुपर-स्पेस दाबलं की एकीवरून दुसरीवर जाता येतं.