पायाशी बसताना

नर्सिंगच्या नोकरीतून निवृत्त झाले तेव्हा मंडळीतल्या बायकांनी विचारलं, आता काय करणार? संडे स्कूल घ्या, महिला मंडळाचं बघा. मी म्हटलं, मी म्हाताऱ्या माणसांची नखं कापीन.

मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये इथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं, आणि आजही पार कर्नाटकातून माणसं उपचाराला येतात. पण ऑपरेशनला डॉक्टर मिळतो. ज्याला वाकता येत नाही त्याची नखं कापायला कोणी मिळत नाही. नखं वाढतात, वळतात, मांसात रुततात. त्यात मधुमेह जुना असेल तर पायाची जाणीव गेलेली असते, रुतलेलं कळतही नाही. वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर उपचार करताना डॉ. पॉल ब्रँड यांनी हेच दाखवून दिलं होतं. बोटं आपोआप झडत नाहीत. दुखणं कळत नाही, म्हणून जखमा चिघळत जातात आणि त्यात बोटं जातात.

रविवारची उपासना आटोपली की मी पिशवी घेऊन निघते. पाणी कोमट हवं, आणि ते माझ्या कोपरानं तपासायचं, कारण जाणीव गेलेल्या पायांना चटका कळणार नाही. पाय थोडा वेळच भिजवायचे. मग बोटांच्या बेचक्या कोरड्या टिपायच्या, नख सरळ कापायचं, कोपऱ्यात शिरायचं नाही. भेगांना खोबरेल तेल लावते, बेचक्यांत मात्र नाही.

आमच्या गल्लीतल्या एका आजोबांनी पहिल्यांदा पाय झटकन मागं घेतला. ‘‘सिस्टर, पायाला हात नगा लावू. पाप लागंल मला.’’

‘‘आजोबा, माझा प्रभू शिष्यांच्या पायाशी बसला होता. मी बसले तर काय बिघडलं?’’

ते बराच वेळ गप्प राहिले, मग पाय पुढे केला. येशूनं शिष्यांचे पाय धुतल्याचा योहानाच्या शुभवर्तमानातला तो तेरावा अध्याय मी लहानपणापासून ऐकत आले. त्यातला शिष्य पेत्रही आधी नकोच म्हणाला होता. त्याचा तो संकोच मला आजोबांच्या पायाशी बसल्यावर उमगला. सेवा करणाऱ्याचं कौतुक होतं. घेणाऱ्याला मात्र आपली लाज दुसऱ्याच्या हाती द्यावी लागते. खरं धैर्य त्याचं. म्हणून मी घाई करत नाही, नाकाला पदर लावत नाही, आणि कोणाच्या हातात पत्रकही देत नाही. कोणी विचारलं तर प्रभूचं नाव आनंदानं सांगते. न विचारणाऱ्याच्या पायालाही तितकंच तेल लागतं.

तुमच्या घरात मधुमेहाचं माणूस असेल तर रोज रात्री दिव्याखाली त्याचे तळवे बघा, बोटांच्या बेचक्याही बघा. लाली, फोड, चीर, काहीही दिसलं तर घरगुती इलाज न करता सकाळीच डॉक्टरांकडे न्या.