रेषा मिळतात, ठिकाण शोधावं लागतं

सौर रेडिओ स्फोटाचा वर्णपट पडद्यावर उघडला की माझी नजर आधी तिरप्या पट्ट्याकडे जाते. वरच्या वारंवारतेला उजळलेला तो पट्टा काही मिनिटांत खाली घसरत जातो. सूर्यावरून सुटलेला इलेक्ट्रॉनांचा झोत विरळ होत जाणाऱ्या प्लाझ्मातून बाहेर धावतो, तशी त्याच्यामुळे निघणाऱ्या लहरींची वारंवारता उतरते. ती लहर निघाली कुठून, हे अवकाशयानांच्या नोंदींवरून शोधण्याचं काम मी कबनूरला घरी बसून करतो.

महाराष्ट्राला सूर्याचा रेडिओ नवा नाही. गोविंद स्वरूप यांनी १९६५ मध्ये कल्याणला ऑस्ट्रेलियातून आलेल्या ३२ छोट्या तबकड्या उभ्या केल्या आणि ६१० मेगाहर्ट्झवर सूर्य पाहिला. पण साधारण १० मेगाहर्ट्झच्या खालच्या लहरी वातावरणातलं आयनांबर जमिनीपर्यंत येऊच देत नाही. झोत सूर्यापासून लांब गेला की त्याचा माग अवकाशातूनच काढावा लागतो.

या लहरी टिपायला यानावर तबकडी नसते. विंड यान दर तीन सेकंदांनी एक गिरकी घेतं. अँटेना स्रोताच्या रोखानं आला की संकेत सर्वांत क्षीण होतो, त्या क्षणावरून दिशा कळते. स्टिरिओची जुळी यानं गिरकी घेत नाहीत. प्रत्येकाच्या सहा-सहा मीटरच्या तीन अँटेनांतले संकेत एकमेकांशी ताडून दिशा काढायची. दोन यानांच्या दोन रेषा जिथं सर्वांत जवळ येतात तिथं स्रोत धरायचा. त्या नेमक्या छेदतात असं क्वचितच होतं. वेळेचाही आधार घेता येतो. एक यान स्रोताला १ कोटी किलोमीटरनं जवळ असेल, तर त्याला लहर ३३ सेकंद आधी मिळते.

एवढं करूनही लहर सरळ आलेली नसते. सौरवाऱ्यातल्या दाट-विरळ प्लाझ्मात ती विखुरते. आमच्या गल्लीत यंत्रमागाचा खडखडाट भिंतींवर आपटून भलत्याच शेडमधून आल्यासारखा वाटतो, तसंच हे. स्रोत आहे त्यापेक्षा मोठा आणि सूर्यापासून लांब दिसतो. म्हणून नकाशावर टिंब द्यायला माझा हात धजत नाही. मी लंबवर्तुळ काढतो, आणि ते सूर्यबिंबापेक्षा मोठं निघालं तरी तसंच ठेवतो.

२०१४ मध्ये स्टिरिओच्या जुळ्यांपैकी स्टिरिओ-बीचा संपर्क तुटला, तेव्हा एक बाजूच गेली. पुढं पार्कर आणि सोलर ऑर्बिटर ही यानं आली म्हणून पुन्हा लांबलांबचे कोन मिळू लागले. भारताच्या आदित्य-एल१ या सौरयानावरच्या सात उपकरणांत रेडिओग्राहक नाही. आपल्या पुढच्या सौरयानावर तो असावा, असं मला फार वाटतं. मात्र ते यान पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधल्या एल१ बिंदूपाशी नको, तिथं विंड आहेच. पृथ्वीपासून चांगलं बाजूला ठेवलं, तर रेषा मोठ्या कोनात मिळतील आणि माझं लंबवर्तुळ आक्रसेल.