पडलेला खजूर आणि लिंबूसत्त्व

मंडळी, ढोकळ्यात घालतो ते लिंबूसत्त्व बहुधा लिंबाचे नसते बरं का! साखरेच्या पाण्यात काळी बुरशी वाढवली की ते भरपूर मिळते, हे जेम्स करी यांनी १९१७ साली दाखवले. १९१९ मध्ये फायझरने तसे उत्पादन सुरू केले. पुढे इटलीच्या लिंबांची मक्तेदारी मोडली. या बुरशीला उसाची मळी चालते, खजुराचा रसही.

आमचे अण्णा नगरकडचे ऊसवाले. बौशरला खजुरीखालचा सडा पाहून त्यांचा जीव तुटला. मी बुरशीपुराण लावले.

“मळीचं सगळं होतं रे. उसाच्या बिलात किती येतं?”

२०१२ च्या रंगराजन समितीने साखर आणि मळीसारखे उपपदार्थ मिळून होणाऱ्या उत्पन्नाचा ७० टक्के वाटा उसाला सुचवला होता, तेही सांगितले.

“कागदावर,” अण्णा म्हणाले.